सहीची किंमत आणि मजकुराचे मोल

इंदूरच्या मामांच्या कपाटात एका मराठी कवीची सहा पोस्टकार्डे निघाली. मामा गेले त्याला आता वर्ष होत आले. मामींनी कार्डे माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुला यातलं कळतं. विकायची की ठेवायची, ते तूच सांग." जुन्या पुस्तकांचा व्यवहार करणाऱ्या एका गृहस्थांना मी फोन केला. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. सही पूर्ण आहे की नुसती आद्याक्षरे? टपालाचा शिक्का वाचता येतो का? कोपरे दुमडलेत का? कवीने लिहिले काय आहे, हे त्यांनी विचारले नाही. मला राग आला, पण तो टिकला नाही. कार्डे हाती आल्यावर मीही आधी सहीच शोधली होती.

लेखकाचा हात लागलेल्या वस्तूची ओढ खोटी नसते. फक्त त्या ओढीत आपण नेमके काय विकत घेतो, हे तपासून पाहायला हवे. कॉर्मॅक मॅकार्थी या अमेरिकी कादंबरीकाराने 50 डॉलरला घेतलेला ऑलिव्हेटी टाइपरायटर 2009 साली क्रिस्टीजच्या लिलावात 2,54,500 डॉलरना गेला. पैसे एका संशोधनसंस्थेला मिळाले, आणि मॅकार्थींसाठी एका मित्राने त्याच बनावटीचे दुसरे यंत्र 20 डॉलरच्या आत शोधून आणले. लेखकाचे काम पुढे चालू राहिले. इथे जे विकले गेले त्यात वाचण्यासारखे अक्षरही नव्हते. किंमत कितीही चढली तरी वाचकाचे काही बिघडले नाही.

हस्तलिखिताचे तसे नाही. जॅक केरुअॅकने 1951च्या एप्रिलमध्ये तीन आठवड्यांत, कागद एकमेकांना जोडून केलेल्या सुमारे 120 फुटी गुंडाळीवर, परिच्छेद न पाडता 'ऑन द रोड' टंकलिखित केली. 2001 साली ती गुंडाळी जिम इर्से या फुटबॉल संघाच्या मालकाने सुमारे 24 लाख डॉलरना घेतली. एवढ्या पैशांत तिजोरीत बंद करण्याचा हक्कही त्यांना मिळाला होता. त्यांनी ती गावोगावच्या संग्रहालयांत, ग्रंथालयांत फिरवली. 2007 साली गुंडाळीचा मजकूर स्वतंत्र पुस्तक म्हणूनही आला. 1957च्या छापील कादंबरीत बदललेली मित्रांची नावे तिथे खरी आहेत. दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचणाऱ्याला संपादनाने काय उजळले आणि काय पुसले, हे आता स्वतः पाहता येते. माझ्या लेखी त्या बोलीचे समर्थन एवढ्यात आहे.

उलट बाजूही आहे. शार्लट ब्राँटीने चौदाव्या वर्षी, 1830 साली, काडेपेटीएवढे एक हस्तलिखित मासिक केले होते. 2011 साली ते लिलावात आले तेव्हा हॉवर्थचे ब्राँटी संग्रहालय बोलीत हरले आणि मासिक एका फ्रेंच गुंतवणूक कंपनीच्या संग्रहात गेले. ही कंपनी लेखकांच्या हस्तलिखितांतले वाटे सामान्य ठेवीदारांना विकत असे. 2015 साली ती बुडाली, संग्रह पुन्हा लिलावात आला, आणि 2019 साली ब्राँटी सोसायटीने लोकवर्गणीच्या मदतीने 6 लाख युरोंची बोली लावून मासिक घरी आणले. मधल्या वर्षांत मुलीच्या त्या बारीक अक्षरांना शेअरची कळा आली होती. शेअर वाचायचा नसतो, भाव चढला की विकायचा असतो.

आपल्याकडे 2025च्या जूनमध्ये रवींद्रनाथांची धूर्जटिप्रसाद मुखर्जींना लिहिलेली 35 पत्रे आणि 14 पाकिटे मुंबईच्या एका लिलावसंस्थेमार्फत 5.9 कोटी रुपयांना गेली. पाकिटेसुद्धा मोजून सांगितली गेली, याची मला गंमत वाटली. या दोघांचा संगीतावरचा पत्रसंवाद 'सुर ओ संगति' या बंगाली पुस्तकात कधीपासून उपलब्ध आहे. कायद्याने रवींद्रनाथांच्या कलाकृती देशाबाहेर नेता येत नाहीत, हे चांगलेच आहे. पण देशात राहिलेली वस्तू अभ्यासकाला पाहायला मिळेलच, असे त्यामुळे ठरत नाही.

आणि लेखकाचे काय? आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम 53अ सांगते की मूळ हस्तलिखित 10,000 रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर लेखकाला किंवा वारसांना त्यात वाटा मागता येतो. हा वाटा 10 टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि कॉपीराइट संपेपर्यंतच मिळतो. मराठी लेखकांच्या किती घरांत हे कलम ठाऊक असेल? पत्राचा कागद ज्याला आले त्याचा, शब्द मात्र लिहिणाऱ्याचे, हेही आपण सहसा विसरतो.

मामांच्या तिसऱ्या कार्डात कवीने लिहिले आहे की, मामांनी आक्षेप घेतलेला एक शब्द त्याला पटला असून पुढच्या आवृत्तीत तो बदलेल. मी घरातली आवृत्ती काढून पाहिली. शब्द जुनाच आहे. पुढची आवृत्ती निघालीच नाही. त्या कवितेचा कवीला हवा असलेला पाठ आज फक्त 15 पैशांच्या त्या कार्डावर आहे. नेमक्या याच कार्डावर सही नाही, जागा संपल्यामुळे. बाजारात सहांपैकी सर्वांत स्वस्त तेच ठरेल.

मामींना पैशांची गरज नाही, असे मी म्हणणार नाही, आणि कार्डे विकणे पाप आहे असेही मला वाटत नाही. सगळ्या कार्डांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे मी कवीच्या मुलीकडे पाठवली आहेत. त्या हो म्हणाल्या की एक संच ग्रंथालयात जाईल. मग मामींनी हवे त्याला विकावे, मिळेल तेवढी किंमत घ्यावी. तिसरे कार्ड मात्र मी त्यांच्याकडून मागून घेणार आहे.