दोन मनकवडे

सुगी सरली की जुन्नर-आंबेगावच्या खेड्यांतून नंदीबैल येत असे, हे आमच्या पिढीच्या वाचकांस सांगावयास नको. अंगावर रंगीत झूल, गळ्यात घुंगरमाळ, आणि मालकाने गुबुगुबू वाजवून 'पाऊस पडेल का? पोरीचे लग्न जमेल का?' असे विचारताच होकारार्थी हलणारी ती मान! गावच्या जत्रेत जादूगाराचे पोर डोळ्यांवर पट्टी बांधून लोकांच्या हातातील वस्तू ओळखी. बैलाला दाव्याची खूण कळे, पोराला प्रश्नातील शब्दांची; 'सांग' म्हटले की नाणे, 'लवकर सांग' म्हटले की किल्ली. पाहणाऱ्यांना हे आतून ठाऊक असे, तरीही पसाभर धान्य आनंदाने पडे. तो खेळ होता आणि खेळ म्हणूनच पाहिला जाई.

या खेळाचे दुसरे रूप 'द एक्स-फाइल्स' या अमेरिकन विज्ञान-काल्पनिक दूरचित्रवाणी मालिकेत आहे. डॅरिन मॉर्गन यांनी लिहिलेला 'क्लाईड ब्रकमन्स फायनल रिपोज' हा भाग १३ ऑक्टोबर १९९५ रोजी प्रथम प्रक्षेपित झाला. लेखनासाठी मॉर्गन यांस आणि ब्रकमनच्या भूमिकेसाठी पीटर बॉईल यांस एमी पुरस्कार लाभला. धर्मग्रामातील तरुणांच्या आग्रहाखातर आम्ही तो पाहावयास बसलो आणि अस्वस्थ होऊन उठलो.

कथेत भविष्य सांगणाऱ्यांचे खून होत आहेत. पोलीस 'अद्भुत' यापी या प्रसिद्ध मनकवड्यास पाचारण करतात. त्याचे डोळे गरगरतात, भुवया नाचतात. खुनी दाढीवाला असेल किंवा नसेलही, त्याच्या अंगावर कदाचित गोंदण असेल, अशी त्याची विधाने! तपास अधिकारी मल्डर जवळ उभा असता विद्या चालत नाही, असे सांगून तो त्यास बाहेर काढतो. मॉर्गन यांचा उपहास येथे नेमका आहे. यापीचे सामर्थ्य ज्ञानात नसून विधानाच्या सैलपणात आहे, आणि तो सैलपणा ऐकणाऱ्याची गरज आपणहून भरून काढते.

सैलपणास जागाच ठेवली नाही, तर काय होते? दिवंगत डॉ. जयंत नारळीकर हे खगोलशास्त्रज्ञ तसेच मराठीतील विज्ञानकथालेखक. त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह २००८ साली महाराष्ट्रात एक चाचणी घेतली. ही पत्रिका हुशार मुलाची की बौद्धिकदृष्ट्या मागे राहिलेल्या मुलाची, एवढेच ज्योतिषांनी सांगावयाचे होते. २७ जणांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासल्या. बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के भरले. नाणे उडविले असते, तरी निम्मी बरोबर आली असती.

परंतु मॉर्गन उपहासावर थांबत नाहीत. यापीसमोर ते ब्रकमन हा विमा विकणारा एकाकी वृद्ध उभा करतात. माणूस कसा मरणार, हे त्याला खरोखरच दिसते. त्याला रंगमंच नको, टाळ्या नकोत. हे दिसणे थांबावे, एवढीच त्याची इच्छा. खोटे ज्ञान मिरवते आणि खरे ज्ञान वाहावे लागते, हा भेद इतक्या करुणेने दाखविलेला आम्ही क्वचितच पाहिला आहे. शेवटी तो स्वतःच आपले जीवन संपवितो.

येथेच आमचा लेखकाशी मतभेद आहे. ज्या जगात पुढचे सारे ठरूनच गेले आहे, तेथे पश्चात्तापाला आणि क्षमेला जागा कोठे? ब्रकमनला पुष्कळ दिसते, परंतु कोणासाठी काही करता येईल, ही आशा त्याला दिसत नाही. तथापि लेखकाने एक दार किलकिले ठेवले आहे. मन वाचण्याची कोणतीही विद्या नसलेली स्कली त्याच्या मृत्युशय्येशी बसून त्याचा हात हाती घेते.

हा प्रसंग आम्हास का लागला, ते सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आंबेगावच्या एका वाडीत, तरुण मुलगा गमावलेल्या मातेस भेटावयास आम्ही गेलो होतो. 'माऊली, तुमच्या मनात काय चालले आहे, ते आम्ही जाणतो,' असे म्हणालो. ती गप्प झाली. त्या सकाळी ती मुलाला फार टाकून बोलली होती आणि तेच तिला सांगावयाचे होते, हे आम्हास वर्षभराने कळले. आमचे ते वाक्य कोणत्याही घरी, कोणत्याही दुःखात चालले असते. ते यापीचेच वाक्य होते. आमच्या अंगावर झगा होता, एवढाच फरक.

आंधळ्या बार्तीमयाची गरज उघड दिसत असूनही, तुला काय हवे, असे प्रभूने त्यास विचारले. पापनिवेदनास बसलेला धर्मगुरूही मन वाचीत नाही. समोरचा बोलेपर्यंत थांबतो. दुःखात सापडलेली आपली माणसे 'मनातले ओळखणाऱ्या'च्या दारी जातात, तेव्हा त्यांना दोष देण्याआधी आपण कितीदा विचारले आणि कितीदा थांबलो, हे घरोघरी तपासावे.

शेवटी स्कलीच्या घरी दूरचित्रवाणी संच चालू असतो. पडद्यावर यापीची जाहिरात झळकते आणि स्कली हाताशी असलेला दूरध्वनी संचावर भिरकावते. एरवी आम्ही आदळआपटीचे समर्थन करीत नाही. त्या ठिकाणी मात्र मनातल्या मनात टाळी वाजविली.