शीर्षकाचं भाषांतर करण्याआधी

मार्सेल द्युशाँची १९२० सालची ‘फ्रेश विडो’ बघा. छोटीशी खिडकी, आणि काचांच्या जागी काळं चामडं. ‘फ्रेंच विंडो’ची अक्षरं जरा हलवली, की खिडकीची विधवा होते. महायुद्ध संपून दोनच वर्षं झालेली. म्हणून बरेच जण इथे युद्धविधवा बघतात. वाचन चूक नाही, पण अपुरं आहे. कारण फ्रेंच माणूस अशा खिडकीला ‘पोर्त-फनेत्र’ म्हणजे दार-खिडकी म्हणतो. त्यात ‘फ्रेंच’ नाही नि विधवाही नाही. फ्रेंच कलावंताची ही कोटी फक्त इंग्रजीत जमते. तुम्ही नुसतं ‘नवी विधवा’ असं भाषांतर धरून प्रकरण लिहिलंत, तर शोक उरेल, खोडी जाईल. म्हणून आधी विचारा: हा शब्द कुठल्या भाषेत घडला?