‘आम्ही’ की ‘आपण’? : लिनक्स-समाजातील नवागताचा प्रश्न

मुक्तद्वार असणे आणि स्वागतशील असणे या दोन भिन्न गोष्टी होत. मुक्तस्रोत आज्ञावलींच्या चर्चेत हा भेद सहसा विसरला जातो. आज्ञावलीचा मूळ पाठ वाचण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा अधिकार परवाना सर्वांस देतो. परंतु ‘तुमची दुरुस्ती आम्ही वाचू’ असे आश्वासन तो देत नाही. ते देणे न देणे त्या समाजाच्या हाती असते. हेलसिंकी विद्यापीठाचे तत्कालीन विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्स कर्नलच्या समाजाने या बाबतीत दोनदा लेखी भूमिका घेतली. या दोन्ही लेखांचा भाषेच्या अंगाने विचार करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

पहिला लेख २०१५ चा. ‘कोड ऑफ कॉन्डक्ट’ या रूढ नावावर कोटी करून त्यास ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’, म्हणजे संघर्षसंहिता, असे नाव देण्यात आले. पाठविलेल्या आज्ञावलीची कसून छाननी होईल, तीत जवळजवळ नेहमीच सुधारणा कराव्या लागतील, आणि हे सर्व लिनक्सच्या हितासाठीच असते, असा तिचा आशय. व्यक्तिगत अवमान ती अमान्य ठरविते व परीक्षकांनाही सभ्यता राखण्यास सांगते, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. तथापि मूळ इंग्रजीतील कर्मणी प्रयोग लक्षणीय आहे. छाननी केली जाईल. ती करणारा मात्र वाक्यातून लुप्त आहे. पावसाळ्याची पूर्वसूचना द्यावी तशी टीकेची पूर्वसूचना नवागताला मिळते. ती सोसण्याची तयारी त्याने करावयाची. ती कशी करावी याची जबाबदारी विनंतीपुरतीच उरते.

सप्टेंबर २०१८ मध्ये हिच्या जागी ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनन्ट’ या मसुद्यावर आधारलेली आचारसंहिता आली. त्याच वेळी टॉरव्हाल्ड्स यांनी आपल्या पत्रांतील व्यक्तिगत हल्ल्यांबद्दल जाहीर क्षमा मागून काही आठवडे कामातून रजा घेतली. नव्या संहितेत लुप्त कर्ता प्रगट होतो. हातभार लावणारे व मेंटेनर, म्हणजे एकेका विभागाची धुरा वाहणारे, हे मिळून ‘वुई’ या सर्वनामाने प्रतिज्ञा करतात. ही निःसंशय प्रगती होय.

परंतु हे ‘वुई’ मराठीत कसे आणावे? ‘आम्ही’ म्हटले तर ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हटले तर तो सामावला जातो. इंग्रजीला हा भेद करावा लागत नाही. मराठीला तो टाळता येत नाही. पहिलीच दुरुस्ती पाठविणारा मनुष्य प्रतिज्ञा करणाऱ्यांत मोडतो, की ज्यांच्याशी नीट वागण्याची प्रतिज्ञा केली त्यांच्यात? संहिता याबद्दल मौन आहे. आणि नवागताचा सारा प्रश्न या मौनातच साठलेला आहे.

‘आम्ही’च्या बाहेरून ‘आपण’मध्ये येण्यास सी भाषेचे ज्ञान पुरत नाही. पत्र साध्या मजकुराचेच असावे, एका दुरुस्तीत एकच बदल असावा, कारण नोंदवून खाली स्वाक्षरीची ओळ लिहावी, असे अनेक संकेत तेथे आहेत. व्याकरण येणे आणि कोठे, कोणाशी, कसे बोलावे हे कळणे यांतील अंतर डेल हाइम्स यांनी संज्ञापनक्षमतेच्या संकल्पनेने दाखविले, तेच हे अंतर. वरील संकेत लिहून ठेवलेले आहेत, हे या समाजाचे श्रेय होय. अलिखित राहतो तो मौनाचा अर्थ. स्मरण देण्यापूर्वी किमान आठवडाभर थांबावे, असे नियम सांगतात. परंतु उत्तर न येणे म्हणजे नकार, विस्मरण, की केवळ कामाचा भार, हे नवागताने कसे ओळखावे? जुना सभासद ते अनुभवाने ओळखतो. नवागत बहुधा त्याचा अर्थ नकार असाच लावतो व निघून जातो. कठोर शब्दाने निदान कोणी तरी वाचले एवढे तरी कळते. आचारसंहिता अपशब्दास मनाई करू शकते; उत्तर देण्यास भाग पाडू शकत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. २०२१ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या संशोधकांचा प्रयोग उघडकीस आला. परीक्षकांची परीक्षा पाहण्यासाठी त्यांनी हेतुतः सदोष दुरुस्त्या पाठविल्या होत्या. समाजाने त्या विद्यापीठाचे योगदान स्वीकारणे थांबविले. संशोधकांनी क्षमा मागितली व आपला निबंध मागे घेतला. अनोळखी माणसाविषयी सावधगिरी बाळगणे हा उद्दामपणा नव्हे, हे यावरून मान्य करावे लागते. आणि विश्वासाचा भंग विद्यापीठीय संशोधकांकडूनच झाला, हे आपणांसारख्यांनी विसरू नये. तथापि सावधगिरीला प्रश्न विचारता येतात, कारणे मागता येतात. मौनाची तिला गरज नसते.

सारांश, पहिली संहिता नवागताला सोसावयास शिकविते, दुसरी जुन्यांना आवर घालते. दोघांत दुसरी निश्चितच श्रेष्ठ; परंतु दोन्ही संहिता बोललेल्या शब्दाचाच विचार करतात, न बोललेल्याचा नव्हे. नाकारलेल्या दुरुस्तीला कारणाची एक ओळ जोडली, तर नवागत अपयशी ठरला तरी त्या संभाषणाचा भागीदार होतो. ‘आम्ही’चे ‘आपण’ होण्यास आरंभ तेथून होतो.