लॉइसची मागणी

गरिबावर हसणं लई सोपं. त्याला फाटकं बनियन घाला, तोंडात वेडीवाकडी भाषा द्या, मागून हशाची टेप लावा. झाला विनोद. अमेरिकेतली ‘माल्कम इन द मिडल’ ही मालिका असलं काही करत नाही, म्हणून तिच्यावर लिहितोय. २००० ते २००६, एकूण १५१ भाग. लिनवूड बूमर या लेखकानं स्वतःच्या बालपणातून ती उभी केली.

चार भाऊ, २००३ साली पाचवा. आई लॉइस एका दुकानात राबते, बाप हॅल कचेरीत. थोरल्या फ्रान्सिसला लष्करी शाळेत पिटाळलेला. रीस मारकुटा. ड्यूई धाकटा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. मधल्या माल्कमचा बुद्ध्यांक १६५. घरात आरडाओरड, मारामारी, पैशाची कायम ओढाताण. पण हशाची टेप नाही. कुठं हसायचं ते आपलं आपण ठरवायचं. आणि माल्कम थेट कॅमेऱ्याकडं बघून बोलतो. घरातलाच पोरगा घराची गोष्ट सांगतोय, बाहेरचा कुणी सज्जन हळहळत सांगत नाही. हा फरक आपल्याला तरी समजावून सांगायला नको.

हॅलचं प्रकरण मला फार जवळचं वाटलं. कंपनी स्वतःचा घोटाळा त्याच्या गळ्यात बांधते. सुटतो कसा? तर वर्षानुवर्षं दर शुक्रवारी हा बाबा कामावर गेलेलाच नसतो! पाळीला खाडा पडला की पगार कापला जाणारे आपण, हसता हसता गप्प होतो. त्याच्या असण्यानसण्याची कंपनीला खबरसुद्धा नव्हती. बळी द्यायला मात्र तो बरोबर सापडला.

लॉइसला कुणीही कजाग म्हणेल. दिवसभर दुकानात उभी राहून आलेल्या बाईनं गोड बोलावं, ही अपेक्षा पोट भरलेल्यांची. जेन काझमारेकनं ही बाई अशी उभी केलीय की घाम दिसतो. एमी पारितोषिकासाठी सात वेळा तिचं नाव आलं, मिळालं एकदाही नाही.

शेवटच्या भागात माल्कमला गलेलठ्ठ पगाराची नोकरी चालून येते. लॉइस त्याला न विचारता ती नाकारते. म्हणते, तू राष्ट्राध्यक्ष होणार, पण खस्ता खाऊन. कारण वर बसलेल्यांत आपल्यासारख्यांची पर्वा करणारा एक तरी हवा. भावांना हे आधीच ठाऊक असतं! माल्कम हार्वर्डला जातो आणि फीसाठी तिथंच साफसफाईचं काम करतो.

इथं माझं भांडण आहे. एकानं वर जायचं आणि बाकीच्यांनी वाट बघायची? रीस शाळेत झाडूवालाच राहतो. माल्कमचा दोस्त स्टीव्ही काळा आहे, चाकाच्या खुर्चीत आहे, खात्यापित्या घरचा आहे. पण त्याच्या रंगाचा सवाल आला की मालिका बहुतेक वळसा घालून जाते. एवढी धीट मालिका, तिथं कच खाते.

तरी लॉइसची मागणी खोटी नाही. शिकून साहेब झालेला आणि वस्तीकडं पाठ फिरवलेला माणूस आपल्यातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. ती पोराला मोठा हो एवढंच म्हणत नाही, विसरू नको म्हणते. फक्त हे ओझं एका माल्कमच्या डोक्यावर का? रीसच्या हातातल्या झाडूचा हिशेब कोण मागणार?