हाफ तिकीट, फुल क्लेम

समजा, तुम्ही फील्डवर्कला नांदेडहून एसटीने वारंगा फाट्याला उतरलात. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं. मग प्रोजेक्टच्या बिलात मुलींनी किती लिहायचं? 'सवलत सरकारने मला दिलीय' हे ऐकायला बरोबर वाटतं. पण टीए म्हणजे झालेल्या खर्चाचा परतावा, मानधन नव्हे. तिकिटावर आहे तेवढंच लिहायचं.

केंद्राच्या अर्थ मंत्रालयाचा 13 जुलै 2017 चा आदेश विमानाबद्दल हेच म्हणतो: सरकारी दौऱ्यातले माइलेज पॉइंट खात्याचे; खासगी प्रवासाला वापरले तर खात्यांतर्गत कारवाई. जर्मनीत 2002 मध्ये अशाच मैलांपायी ग्रेगोर गिझी यांनी बर्लिनचं मंत्रिपद सोडलं.

तत्त्व मला पटतं. खटकतं ते हे, की हिशेब एकाच बाजूने होतो. स्कॉलर आधी खिशातले पैसे घालतो आणि बिल महिनोन्महिने अडकतं. त्या बिनव्याजी उसनवारीचा फायदा कुणाला? (फुल क्लेमवाले नेमकं हेच कारण सांगतात, बरं का!) कारण खरं आहे, पण त्यावर उपाय खोटा आकडा नाही. दौऱ्याआधीच अ‍ॅडव्हान्ससाठी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.