हकिमांची संघटना आणि मुंबईचा १९१२चा कायदा : एक चिकित्सा

प्रस्तावना

मुस्लिम चिकित्सकांच्या व्यावसायिक संघटनांचा अभ्यास बहुधा संघटनेच्या धर्मवाचक ओळखीपासून सुरू होतो. १९६७ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या इस्लामिक मेडिकल असोसिएशनच्या बाबतीत ते योग्यही आहे. आधुनिक पदवी घेतलेल्या स्थलांतरित डॉक्टरांना तेथे धर्माच्या आधारेच एकत्र यावयाचे होते. हीच दृष्टी भारतातील हकिमांना लावली की मात्र घोटाळा होतो. हकीम अजमल खान यांच्या पुढाकाराने १९१० साली दिल्लीत उभी राहिलेली संघटना 'ऑल इंडिया वैदिक अँड युनानी तिब्बी कॉन्फरन्स' ही होती. तीत हकिमांबरोबर वैद्यही होते. प्रस्तुत निबंधात या परिषदेचा विचार मुंबई प्रांताच्या अंगाने केला आहे. तसा तो केल्यास तिला बांधणारी आणि पुढे सैल करणारी गोष्ट सरकारी नोंदवही ही होती, असे दिसते.

उपलब्ध लेखन

बार्बरा मेटकाफ यांच्या लेखनात अजमल खान प्रामुख्याने दिल्लीचे रईस व मुस्लिम नेते म्हणून येतात. हे चित्र खोटे नाही. १९०८ साली सरकारने दिलेली 'हाजिक-उल-मुल्क' ही पदवी त्यांनी १९२० साली परत केली आणि १९२१च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले. परंतु नेत्याचे चरित्र म्हणजे संघटनेचा इतिहास नव्हे. गाय ॲटेवेल यांच्या 'रीफिगरिंग युनानी तिब्ब' (२००७) या ग्रंथाने 'युनानी' ही एकसंध परंपरा नव्हती, हे साधार दाखविले. मात्र त्यांचा भर हैदराबाद, दिल्ली व लखनौ यांवर आहे. मृदुला रमण्णा यांचे मुंबई इलाख्यावरील मौलिक संशोधन पाश्चात्त्य वैद्यक व सार्वजनिक आरोग्य यांभोवती फिरते. या दोहोंच्या मध्ये मुंबईचा हकीम हरवला. मराठीत तर आयुर्वेदाच्या पुनरुज्जीवनाचा इतिहास लिहिताना शेजारच्या दवाखान्यातील हकिमाची दखल क्वचितच घेतली गेली, आणि ही उणीव केवळ साधनांच्या अभावाची आहे असे मानण्यास प्रस्तुत लेखक तयार नाही.

नाशिक, दिल्ली, मुंबई

वैद्यांच्या अखिल भारतीय संघटनेचा आरंभ महाराष्ट्रातच झाला. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलन भरविले. तीन वर्षांनी दिल्लीची परिषद स्थापन झाली. मुंबईचा वैद्यक नोंदणी कायदा १९१२चा आहे. तेव्हा त्या कायद्याच्या पोटी परिषद जन्मली असे सरसकट म्हणणे कालक्रमाला धरून होणार नाही. तिला धार मात्र या कायद्याने आणली. पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्यांचीच नोंदणी करणारा हा देशातील पहिला प्रांतिक कायदा होता. १९१४ साली बंगाल आणि मद्रास यांनी तोच कित्ता गिरविला.

या कायद्याने हकीम-वैद्यांचा व्यवसाय बंद पाडला नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्यांचे रुग्ण त्यांच्याकडेच राहिले. गेली ती कागदाची किंमत. नोंदणी नसलेल्याने दिलेला दाखला कायद्याच्या कामी ग्राह्य नव्हता आणि सरकारी रुग्णालयाचे दार त्याला बंद होते. पिढीजात नावावर चालणाऱ्या धंद्याला असा अनोळखी मापदंड लागल्यावर हकीम व वैद्य एका व्यासपीठावर आले यात नवल नाही.

अजमल खान यांचे उत्तर निव्वळ निषेधाचे नव्हते. १९११ साली युरोपातील रुग्णालये पाहून आलेल्या या हकिमाला शरीररचना व शस्त्रक्रिया अभ्यासक्रमात हव्या होत्या. तिब्बिया महाविद्यालयाची कोनशिला १९१६ साली लॉर्ड हार्डिंज यांनी बसविली आणि १९२१ साली उद्घाटन गांधीजींनी केले. गांधीजींनी त्या प्रसंगीही हकीम-वैद्यांत संशोधनवृत्ती नसल्याबद्दल कान टोचले. (यजमानाच्या घरी जाऊन असे बोलण्याची हातोटी गांधीजींचीच.) लखनौच्या अझीझी घराण्याला मात्र अशी सरमिसळ मान्य नव्हती, तिब्बची शुद्धता हा त्यांचा आग्रह होता. म्हणजे एकाच धर्माचे हकीम अभ्यासक्रमावरून दुभंगले होते, तर भिन्न धर्मांचे हकीम व वैद्य कायद्याविरुद्ध एकत्र होते. धर्म हा एकच निकष मानणाऱ्या मांडणीला या वस्तुस्थितीचे स्पष्टीकरण देता येत नाही.

नोंदवहीच्या आत आणि बाहेर

बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १९३८चा मुंबई वैद्यक व्यवसायी कायदा झाला. त्या वेळचे आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर हे स्वतः पाश्चात्त्य वैद्यकाचे नामांकित चिकित्सक होते. या कायद्याने आयुर्वेद व युनानी चिकित्सकांना नोंदणी मिळाली. परंतु नोंदणी म्हणजे केवळ सन्मान नव्हे, निवडही. अर्हता असलेल्यांसाठी नोंदवही आणि अर्हतेविना आधीपासून व्यवसाय करणाऱ्यांसाठी वेगळी यादी, अशी उतरंड तयार झाली. ज्या भेदाविरुद्ध चळवळ उभी राहिली होती तो भेद आता चळवळीच्या घरात आला. गुरूच्या गादीजवळ बसून विद्या घेतलेला हकीम खालच्या पायरीवर गेला. जखमा बांधणारा जर्राह आणि औषधे कुटून देणारा अत्तार यांचा तर विचारच झाला नाही. दायांना शिक्षण देण्यासाठी अजमल खान यांनी १९०९ साली दिल्लीत शाळा काढली होती, ही बाब येथे मुद्दाम नोंदविली पाहिजे. त्यांच्या अनुयायांना तिचे विस्मरण झालेले दिसते.

संयुक्त आघाडीही टिकली नाही. १९५२ साली हकीम अब्दुल हमीद यांच्या अध्यक्षतेखाली युनानी तिब्बी परिषद स्वतंत्र झाली. फाळणीनंतरच्या वातावरणाचा यातील वाटा नाकारता येणार नाही. तथापि मान्यता पद्धतीनिहाय मिळू लागली की समान शत्रू उरत नाही, हे कारणही तितकेच प्रबळ आहे. १९७०च्या केंद्रीय कायद्याने एकाच परिषदेत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या समित्या वेगळ्या ठेवल्या; २०२०च्या कायद्याने आयुर्वेदाचे मंडळही वेगळे केले, युनानी व सिद्ध यांना मात्र एकाच मंडळात ठेवले.

महाराष्ट्राने १९३८च्या कायद्याच्या जागी १९६१चा कायदा आणला आणि १९९२च्या अधिसूचनेने भारतीय वैद्यकाच्या नोंदणीकृत व्यावसायिकांना आधुनिक औषधे देण्याची मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली मुख्तियार चंद प्रकरणात हा अधिकार राज्याच्या कायद्यातील मान्यतेवर अवलंबून ठेवला. त्यामुळे मालेगावच्या किंवा पुण्याच्या युनानी महाविद्यालयातून पदवी घेऊन मुंब्रा, भिवंडी वा तुर्भे येथे दवाखाना थाटणाऱ्या तरुण हकिमाचा व्यवसाय आजही, त्याने कोणती चिकित्सा शिकली यापेक्षा, त्याचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे यावरच ठरतो.