‘शाबूत’ व्याकरणाची परीक्षा

स्टीव्हन पिंकर यांचे ‘द लँग्वेज इन्स्टिंक्ट’ (१९९४) प्रथम वाचले तेव्हा विल्यम्स सिंड्रोमविषयीच्या मजकुराने मी भारावलो होतो. सातव्या गुणसूत्रावरचा पंचवीसहून अधिक जनुकांचा तुकडा गळाल्याने होणारी ही जन्मजात अवस्था न्यूझीलंडचे डॉक्टर विल्यम्स यांनी १९६१ मध्ये नोंदवली. यातल्या एखाद्या मुलीला हत्ती काढायला सांगितला, तर कागदावर अवयव विखुरतात. पण हत्तीविषयी ती ओघवते बोलते. कॅलिफोर्नियातील उर्सुला बेलुगी यांच्या अशा निरीक्षणांवरून निष्कर्ष निघाला : बुद्धी खालावली तरी व्याकरण शाबूत राहते, म्हणजे मेंदूत व्याकरणाचे वेगळे दालन असले पाहिजे.

आज पुन्हा वाचताना ‘शाबूत’ या शब्दापाशी मी अडतो. शाबूत, पण कोणाच्या तुलनेत? सुरुवातीची तुलना डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांशी होती आणि त्यांच्यात व्याकरण विशेष दुबळे असते. त्यांच्या शेजारी कोणाचेही बोलणे उजवेच वाटणार.

दुसरा प्रश्न भाषेचा. ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये फ्रेंच भाषकांची चाचणी घेतली. बनावट नामांना लिंगानुसार योग्य रूपे लावायची होती. फ्रेंच बालकांना जे सहज जमते, तिथे विल्यम्स सिंड्रोम असलेली माणसे मागे पडली. इंग्रजीत नामाच्या लिंगानुसार विशेषण बदलत नाही. तिथे ही उणीव दिसलीच नसती.

मराठी वाचकाला हे चटकन उमगेल. ‘माझा चष्मा हरवला, माझी छत्री हरवली, माझे पुस्तक हरवले’ : एका नामामागे दोन शब्द बदलतात. शिवाय दगड, वीट, झाड यांची लिंगे शब्दाच्या रूपावरून कळत नाहीत, ती लक्षात ठेवावी लागतात. या मुलांची शाब्दिक स्मृती तुलनेने चांगली असते. म्हणून ओळखीचे शब्द बिनचूक आले तरी नियम उमगला असे ठरत नाही. ‘डिमका’ असा नवाच शब्द दिल्यावर मूल ‘मोठा डिमका’ म्हणते का, ही खरी परीक्षा.

बोलणे हे या मुलांचे बलस्थान आहे, हे पिंकर यांचे निरीक्षण मी नाकारत नाही. पण तिथवर येण्याची वाट वेगळी आहे. एरवी बाळ आधी बोट दाखवते, मग बोलते. यांच्यातल्या अनेकांत शब्द उशिरा येतात, तरी बोट दाखवण्याच्या आधी येतात. मेंदू म्हणजे एक खोली ढासळलेले घर नव्हे; ते पायापासूनच निराळे बांधले जाते, हा कार्मिलॉफ-स्मिथ यांच्या मांडणीचा गाभा मला अधिक पटतो.

हा वाद केवळ विद्वानांचा नाही. चुरूचुरू बोलणाऱ्या मुलाला सगळे समजते असे शिक्षकाने गृहीत धरले, तर त्याला वाक्य उलगडून सांगायला कोणी थांबत नाही. ‘शाबूत’ या एका शब्दाची किंमत मग ते मूल वर्गात मोजत राहते.